धाकटीचा ट्रे

कोल्ड रूममधल्या मागच्या रॅकचा मधला कप्पा माझा. त्याला हात लावायचा नाही, हे शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे राखीव ट्रे असतात. रोज जो माल बाहेर जातो त्यातला एक ट्रे आम्ही मागे ठेवतो, म्हणजे तिकडे दुकानात आपलं फळ किती टिकतंय ते इथे बसून कळतं. एखाद्या फळावर बुरशीचा पांढरा ठिपका दिसला की ट्रे संपला. मी तो उचलते, ड्रममध्ये उलटा करते आणि ऑफिसात सांगून येते. बाकीची फळं कितीही चांगली दिसोत, सबंध ट्रे जातो. लोक मला पाठीमागे 'टाकूबाई' म्हणतात. म्हणेनात का, मला काय त्याचं!

माझ्या धाकट्या बहिणीचं काम अगदी उलटं. तिचं काम राखायचं. कोरफडीचा गर, त्यात लवंगेचा आणि दालचिनीचा अर्क, आणखी काय काय घालून ती पाण्यासारखा पातळ लेप करायची. मळ्यातून स्ट्रॉबेरी आली की देठासकट त्यात बुडवायची आणि पंख्याखाली वाळवायची. वाळला की लेप डोळ्यांना दिसायचा नाही, खाताना जिभेला कळायचा नाही. डबा उघडला की लवंगेचा पुसटसा वास यायचा, तेवढाच. बिनलेपाचं फळ आठवड्यात बसकण मारतं, धाकटीचं पंधरवडाभर ताजं राहायचं. मालक सारखे तिच्या मागे लागायचे, "ताई, महिनाभर टिकेल असं काहीतरी करा की!" ती तोंडावर सांगायची, "साहेब, झाडपाल्याचा लेप आहे हा, जादूटोणा नाही. पंधरवडा म्हणजे पंधरवडा. त्यापुढे फळ फळासारखंच वागणार." कुणाची भीडभाड ठेवायची नाही. आमच्या आईवर गेली होती.

आई त्याच शेडमध्ये निवडायच्या टेबलावर आहे. आमच्या दोघींच्या जन्माआधीपासून. पट्ट्यावरून फळं वाहत येतात आणि आईचा हात डागी फळ असं टिपतो की शेजारणीला दिसतही नाही. गप्पा चालू, डोळे भलतीकडे, हात आपलं काम करतोय. घरीसुद्धा कुणी फळांची परडी आणून ठेवली की आई येता जाता त्यातलं नरम झालेलं काढणार आणि उरलेली सारखी करून ठेवणार. धाकटी तिला चिडवायची, "आई, आम्ही दोघी आडव्या झोपलो तर आम्हालाही निवडशील गं तू!"

त्या दिवशी धाकटीने शेवटचा लेप लावला तेव्हा तिच्या अंगात ताप होता. मी म्हणाले, जा घरी. म्हणाली, एवढा ट्रे ठेवते नि जाते. तो राखीव ट्रे तिने स्वतः माझ्या कप्प्यात नेऊन ठेवला. घरी गेली, झोपली, आणि आठवडा संपायच्या आत आम्ही तिला पोचवून आलो. साध्या तापाचं निमित्त. अजून माझा विश्वास बसत नाही. आई रडली नाही. लोक आले, बसले, गेले, ही कोरडी ठक्क. मग एके सकाळी डबा भरून, स्वेटर घालून माझ्याआधी दारात उभी. "चल, उशीर होतोय," म्हणाली.

आणि तो ट्रे काही खराब होईना.

आधी मी लक्ष दिलं नाही. पंधरवडा उलटला. म्हटलं, असेल, थंडावा नीट लागला असेल. त्यानंतर ठेवलेले ट्रे एकेक करून गेले, मी स्वतःच्या हाताने उलटे केले. धाकटीचा तसाच. लालभडक, देठ हिरवेगार, जणू सकाळीच तोडून आणलाय. लेप आम्ही तिच्याच पद्धतीने करत होतो, तेच प्रमाण, तीच भांडी. मग हाच एक ट्रे कसा काय राहतो? शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. फोर्कलिफ्टवाला एवढा आडदांड माणूस, एकटा आत जाईना. मला म्हणतो, "ताई, आत गेलं की लवंगेचा वास मागे मागे येतो. मी वळलो की थांबतो."

"अरे बाबा, आत सगळ्याच मालाला लवंगेचा वास आहे," मी म्हणाले. "तुझ्या अंगालाही आहे. घरी जाऊन बायकोला विचार."

"तो वास वेगळा, ताई. हा तिच्या हाताचा."

त्याला मी असा झाडला की दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पण खरं सांगते, त्यानंतर मीही आत गेले की दाराला टेकण लावून ठेवायची.

एकदा तो ट्रे मी खाली घेऊन बारकाईने पाहिला. त्यात कोपऱ्यात एक जोडफळ होतं. दोन स्ट्रॉबेऱ्या एकाच देठाला चिकटलेल्या. धाकटीनेच हसत हसत ते तिथे ठेवलं होतं, "ही तू आणि ही मी," म्हणून. ते जोडफळ तिथे नव्हतं. त्या जागी साधं, एकटं फळ होतं. ट्रे पूर्ण भरलेला, एक फळ कमी नाही, एक जास्त नाही. चोरून खाल्लं म्हणावं, तर जागा रिकामी हवी. मी आजूबाजूला पाहिलं. पंख्यांची घरघर आणि माझ्याच तोंडातून निघणारी वाफ. मी हळूच म्हणाले, "अगं, तू आहेस का?" म्हणाले आणि स्वतःचाच राग आला. चांगली घोड्याएवढी बाई मी, ट्रेशी बोलते! तरी थोडा वेळ उभी राहिले. काय सांगावं, म्हणाली असती काहीतरी.

त्यानंतर मला रोज तो ट्रे पाहिल्याशिवाय राहवेना. सकाळी आल्याबरोबर आधी तिकडे. फळं बदललेली असत. काल डावीकडे होतं ते वाकड्या टोकाचं आज नाहीच. मला भीती वाटायची आणि त्याहून जास्त बरं वाटायचं. हे ऐकून कुणी हसेल तर हसो. मेलेल्या माणसाची एखादी खूण रोज सकाळी ताजी सापडत असेल, तर ती कोण टाकून देईल? मीसुद्धा नाही टाकली. मालक विचारायचे, "राहिलाय का अजून?" आणि मी म्हणायची, "राहिलाय, साहेब." माझ्या आवाजात मलाच अभिमान ऐकू यायचा.

इथेच घोळ झाला. एका सकाळी मालक निवडायच्या टेबलापाशी आले. पट्टा बंद करायला लावला. आईच्या समोर उभे राहिले नि म्हणाले, "मावशी, तुमच्या लेकीने कमाल केली. महिना उलटून गेला, ट्रे जसाच्या तसा. तिने शेवटच्या वेळी लेपात काय केलं देव जाणे, पण केलं. नंतरचे ट्रे गेले ते आपल्या कामातल्या ढिलाईने, ती आता मी चालू देणार नाही. आता आपण माल विमानाने नाही, जहाजाने पाठवायचा. आणि प्रत्येक डब्यावर तिचा फोटो छापायचा. तुमची हरकत नाही ना?"

सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आईने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "हसरा फोटो आहे एक," एवढंच म्हणाली.

मला मात्र घाम फुटला. जहाजाला महिना लागतो. धाकटीने जिवंतपणी शंभरदा सांगितलं होतं, पंधरवडा म्हणजे पंधरवडा. तिचा शब्द खोटा ठरवणारा एक ट्रे, तोही फळं बदलणारा, आणि त्याच्या जिवावर एवढा माल समुद्रात जाणार. तिकडे दार उघडलं आणि आत सगळा लगदा निघाला तर? प्रत्येक डब्यात बुरशी आणि प्रत्येक डब्यावर माझ्या बहिणीचा हसरा चेहरा. पाहणारा हेच म्हणेल की हीच ती बाई. ज्या पोरीने आयुष्यात कधी एक दिवस वाढवून सांगितला नाही, तिच्या तोंडाला काळं फासलं जाणार होतं. मग भूत असो की आणखी काही, मला ते पाहणं भाग होतं.

फोटोचे डबे छापून आले त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तशी मी कोल्ड रूममध्ये रिकाम्या क्रेटच्या थप्पीमागे जाऊन बसले. दात वाजत होते, थंडीने म्हणा नाहीतर कशाने म्हणा. थोड्या वेळाने दार सरकलं. प्रकाशाची पट्टी आत आली आणि तिच्यात कुणीतरी उभं. छाती अशी धडधडली की मला वाटलं, तिलाही ऐकू जाईल.

आई होती.

ती सरळ माझ्या कप्प्याकडे गेली. ट्रे खाली घेतला. एका फळावरून बोट फिरवलं, ते उचललं, रुमालात ठेवलं. स्वेटरच्या खिशातून त्या दिवसाच्या मालातलं एक ताजं फळ काढलं आणि त्याच्या जागी बसवलं. मग दोन्ही हातांनी ट्रे सारखा केला. झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करतात ना, तसा. आणि रुमालाची पुरचुंडी छातीशी धरून निघून गेली. मी तिथेच बसून राहिले. एवढे दिवस मी ज्याला धाकटी समजत होते, ते आईचे हात होते. मला हसू यायला हवं होतं, नाहीतर रडू. दोन्ही आलं नाही. उलट, बहीण दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी घरी आले ती तडक धाकटीच्या खोलीत. ती गेल्यापासून आई ती खोली बंद ठेवायची आणि खिडकी सताड उघडी. मला वाटायचं, हवा खेळती राहावी म्हणून. दार उघडलं आणि लवंग आणि कुजकट गोड असा वास अंगावर आला. तिच्या पलंगावर, उशीच्या जागी, आमच्या घरातल्या स्टीलच्या थाळ्या ओळीने मांडलेल्या. त्यांत फळं. काही सुरकुतलेली, काही पाणी सुटून बसलेली, काहींवर बुरशीची इतकी दाट लव की खाली फळ आहे हे सांगावं लागेल. सगळ्यांचे देठ एका बाजूला. जोडफळ वेगळ्या वाटीत होतं.

"हात लावू नकोस," आई मागून म्हणाली.

"आई, हे काय करून ठेवलंस?"

"काय करून ठेवलं? तिची आहेत ती. तिच्या हातची आहेत."

"अगं पण सडलीत!"

"सडली म्हणून टाकून देऊ?" आईचा आवाज चढला. "एक ठिपका दिसला की तू सगळा ट्रे ड्रममध्ये घालणार. ओळखत नाही का मी तुला? म्हणून तुला ठिपका दिसूच दिला नाही. एक खराब झालं की एक आणलं घरी. सगळी आणली. आता तिकडे आहे त्यात तिचं एकही नाही, तरी सवयीने बदलत राहिले मी. ते ठेव, टाक, काय करायचं ते कर."

मी तिला खाली बसवलं. समजावून सांगितलं. तो ट्रे पाहून साहेब जहाज भरतायत, अर्ध्या वाटेत सगळा माल बसणार आणि नाव तिचं बदनाम होणार. आई ऐकत होती की नव्हती, कळेना. ती थाळीतल्या एका फळाचा देठ सरळ करत होती.

"मला काय कळतं जहाजातलं," शेवटी म्हणाली. "मला वाटलं, फोटो छापतायत, चांगलं आहे." मग देठावरचा हात काढून, "सांग साहेबांना. माझं नाव घेऊन सांग. ती खोटी नको पडायला. पण ह्यांना हात लावायचा नाही. शब्द दे मला."

मी शब्द दिला.

सकाळी मालकांना सगळं सांगितलं, तर ते हसायलाच लागले. "ताई, तुम्हाला धक्का बसलाय, मी समजू शकतो. मावशी असलं काही करायच्या नाहीत. मी लहानपणापासून बघतोय त्यांना." माझ्या पायाची आग मस्तकात गेली. बाहेर गाड्या लागल्या होत्या, फोर्कलिफ्ट पुढे-मागे पळत होती, माल बंदराकडे निघायच्या बेतात. डब्यांवर माझी बहीण, शेकडो वेळा तेच हसणारी. आई टेबलावर कामात होती. मी विचार केला, घर हाकेच्या अंतरावर आहे. आणते, साहेबांच्या डोळ्यांसमोर धरते आणि परत नेऊन जशीच्या तशी मांडते. आईला कळणारही नाही.

थाळ्या एकावर एक टेकू देत, वरून कापड टाकून आणल्या आणि मालकांच्या टेबलावर ठेवल्या. कापड काढलं. ते खुर्चीतून उठलेच. नाकाला रुमाल लावला, पण तोंड फिरवलं नाही, हे त्यांचं मानलं पाहिजे. जोडफळाची वाटी पाहून म्हणाले, "हे... हे मला दाखवलं होतं तिने. त्याच दिवशी." मग खाली बसले. "पंधरवडा म्हणायची ती," म्हणाले, "मीच ऐकत नव्हतो." आणि फोन उचलला.

मी बाहेर पळाले. तिथे एकच गोंधळ. अर्धा माल गाडीत, अर्धा खाली, ड्रायव्हर शिव्या देतोय, फोर्कलिफ्टवाला विचारतोय, "ताई, उतरवू की चढवू? एकदा काय ते सांगा!" माझ्या हातात थाळ्या. "उतरव रे सगळं! आत घे, आधी मागची गाडी!" मी ओरडत होते, ड्रमपाशी उभी होते, आणि ओरडता ओरडता माझ्या हातांनी थाळ्या उलट्या केल्या. एक, मग दुसरी. तळाला चिकटलेलं बोटाने खरवडलंसुद्धा. वाटीही. नजर गाडीवर, तोंड चालू, हात आपलं काम करत होते. मग नळावर थाळ्या विसळल्या, उपड्या घातल्या आणि परत कामाला लागले. इतकं हलकं वाटत होतं! धाकटीचं नाव राखलं होतं मी.

दुपारनंतर माल सगळा आत आला. हात धुवायला नळावर गेले तर कट्ट्यावर थाळ्या वाळत घातलेल्या. मी मनात म्हणाले, ह्या आपल्या घरच्या थाळ्या इथे कशा?

ड्रमपर्यंत धावले. ड्रम रिकामा होता. कचऱ्याची गाडी येऊन गेली होती, पाणी मारून तो नेहमीसारखा उपडा ठेवला होता. आई सुटून घरी गेली होती. मी तिथेच एका क्रेटवर बसले आणि संध्याकाळ होईपर्यंत उठलेच नाही.

घरी आले तेव्हा आई धाकटीच्या खोलीच्या दारात उभी होती. मागे पलंग दिसत होता, मोकळा, चादरीवर गोल ओले डाग. माझ्या पिशवीत थाळ्या वाजल्या.

"दाखवायला नेलीस ना?" आई म्हणाली. "दाखवलीस तर दाखवलीस, मी रागावले नाही. आता आण तिला."

"आई..."

"अगं आण ना. कुठे ठेवलीस?"

मला खोटं सुचलं असतं तर मी बोलले असते. देवाशप्पथ बोलले असते. "टाकली," मी म्हणाले. "माझ्या हातून टाकली गेली, आई. मला कळलंच नाही."

तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्या हातांकडे पाहत राहिली. मग चपला शोधायला लागली. एक सापडली, दुसरी सापडेना, तशीच एका पायात चप्पल घालून रस्त्याला लागली. मी मागे मागे. "आई, गाडी गेली गं. आई, तिथे काही नाही." ती ऐकेना. एवढी थकलेली बाई, पण मला गाठता येईना.

शेड बंद झाली होती. अंगणात कुणी नव्हतं. आई ड्रमपाशी गेली, तो सरळ केला, आत वाकून पाहिलं. मग मान वर करून तिने हाक मारली. ती गेल्यापासून आईने एकदाही तिला हाक मारली नव्हती. खेळायला गेलेली पोर जेवायच्या वेळी परत आली नाही की मारतात ना, तशी. थोडी रागाने, थोडी लांबवून.

"धाकटेऽऽ! अगं ए धाकटेऽऽ!"

मोकळ्या अंगणात तो आवाज भिंतीपर्यंत गेला. आई थांबली. एक पाय उचलून, मान वाकडी करून ऐकत राहिली. मी तिला धरायला पुढे झाले होते, पण तिने हाताने मला गप्प केलं, आणि मी श्वाससुद्धा रोखून धरला.

धाकटी ओ देईल म्हणून आम्ही दोघी वाट पाहत होतो.